आप्पांना ते गवत बघायचंय

येत्या २६ जूनला मी आणि आप्पा लंडनला निघणार आहोत. विम्बल्डन, तिथली गवतावरच्या टेनिसची स्पर्धा, यंदा २९ जूनला सुरू होऊन १२ जुलैला संपतेय. आम्ही पहिले तीन दिवस बघून परत येणार. फायनल नाही, सेमीफायनल नाही, सेंटर कोर्टाचं, म्हणजे तिथल्या सगळ्यांत मोठ्या कोर्टाचं तिकीटही हातात नाही. हे कळल्यावर ऑफिसात सगळ्यांनी एकच विचारलं, "मग एवढे पैसे घालून जाताय कशाला?" चहाच्या वेळेत सांगून संपणारी गोष्ट नाही, म्हणून इथं लिहितेय.

आप्पा ३१ वर्षं बेळगावात, कॅम्पातल्या एका क्लबात मार्कर होते. मार्कर म्हणजे मेंबरांना जोडीदार नसेल तर त्यांच्याबरोबर खेळायचं, नव्या पोरांना शिकवायचं आणि कोर्टही सांभाळायचं. पहाटे पाचला अनगोळहून सायकल काढायचे. लाल मातीची दोन कोर्टं होती. आदल्या संध्याकाळी पाणी मारून ठेवलेलं असायचं, सकाळी त्यावर रूळ फिरवायचा, मग दोरी ताणून चुन्याच्या रेघा. सुट्टीत दोरीचं दुसरं टोक धरायला मी जायची. दोरी जरा हलली की आप्पा काही न बोलता नुसते बघायचे, आणि मी श्वास रोखून उभी राहायची. जाळीच्या उंचीला त्यांना टेप लागायचा नाही. एक रॅकेट उभी धरायची, तिच्यावर दुसरीचं तोंड आडवं ठेवायचं. २७ इंच आणि ९ इंच, तीन फूट भरले. मधला पट्टा तेवढा खाली ओढून बांधला की जाळी झाली.

आमच्याकडच्या पावसात मातीचं कोर्ट टिकत नाही. मृग लागला की जाळी सुटायची, रूळ शेडमध्ये जायचा आणि दसऱ्यापर्यंत खेळ बंद. नेमकं त्याच दिवसांत विम्बल्डन यायचं. क्लबच्या हॉलमधल्या टीव्हीसमोर मेंबर खुर्च्या टाकून बसायचे आणि आप्पा दाराशी उभे राहायचे. एडबर्ग आणि बेकर हे दोन खेळाडू १९८८, १९८९ आणि १९९० असे लागोपाठ तीन वर्षं फायनलला समोरासमोर आले. आप्पांनी ते तिन्ही सामने उभ्यानंच बघितले. मेंबर कोण जिंकतंय ते बघायचे, आप्पांचं लक्ष जमिनीवर असायचं.

त्यांनी मला दाखवलेली एक गोष्ट मी कधी विसरणार नाही. त्या काळात सर्व्हिस टाकली की खेळाडू थेट जाळीकडे धावायचे. म्हणून दुसऱ्या आठवड्यापर्यंत बेसलाइनपासून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेघेपासून, जाळीपर्यंत गवत झिजून, शेतातून पायवाट पडावी तसा मातीचा पट्टा उघडा पडायचा. आता सगळे मागं राहूनच मारतात. त्यामुळं बेसलाइनजवळ गवत पार जातं आणि जाळीजवळ फायनलच्या दिवशीही हिरवंगार राहतं. जुन्या सामन्यांचे व्हिडिओ लावून बघा, पाच मिनिटांत दिसेल. पुढं मी वाचलं की २००१ पासून तिथं निव्वळ रायग्रास पेरतात. त्याआधी त्यात ३० टक्के दुसरं, फेस्क्यू नावाचं गवत असायचं. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "तरीच. चेंडू पहिल्यापेक्षा वर उठतोय असं मी म्हणत होतो की न्हाई?"

स्पर्धेच्या दिवसांत ते गवत ८ मिलिमीटरवर कापतात. हे ऐकल्यावर आप्पा उठले, माझ्या मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी घेतली आणि घरामागं तुळशीजवळच्या हरळीत उकिडवे बसले. पट्टी मातीत टेकवून ८ वर नख धरलं. कात्रीनं वीतभर जागेतली हरळी तेवढीच ठेवून कापली आणि तळहात दाबून बघितला. बराच वेळ हात तसाच होता. मग म्हणाले, "एवढ्यावर पळायचं म्हणजे मूळ किती घट्ट पाहिजे गे." लंडनला जायचं मी त्याच दिवशी पक्कं केलं.

तिकिटांचे रस्ते मुख्यतः दोन आहेत. एक बॅलट. आधीच्या वर्षी ऑनलाइन अर्ज करायचा आणि सोडतीत नाव लागलं तर तिकीट. पण दिवस आणि कोर्ट तेच ठरवतात, आणि ते तिकीट दुसऱ्याला देता येत नाही. सेंटर कोर्टात जवळजवळ १५ हजार माणसं बसतात. तिथं वरच्या रांगेत जागा मिळाली तर आप्पांना टीव्हीपेक्षा जास्त काय दिसणार? म्हणून मी अर्जच केला नाही.

दुसरा रस्ता रांगेचा. जगातल्या मोठ्या स्पर्धांत ऐनवेळी जाऊन त्याच दिवसाचं तिकीट मिळण्याची अशी सोय फार कमी उरलीय, आणि मला ती मनापासून आवडते. विम्बल्डन पार्कच्या हिरवळीवर रांग लागते, आल्या क्रमानं प्रत्येकाला नंबराचं कार्ड मिळतं. एका माणसाला एकच कार्ड, दुसऱ्यासाठी जागा धरायची नाही. पहिल्या तीन मोठ्या कोर्टांची प्रत्येकी ५०० च्या आसपास तिकिटं रांगेतल्या लोकांसाठी ठेवलेली असतात. ती हवी असतील तर आदल्या दिवशीच तंबू ठोकावा लागतो. एकाहत्तराव्या वर्षी आप्पांना मी तंबूत झोपवणार नाही. आम्हाला हवंय ते ग्राउंड्स पासचं तिकीट, गेल्या वर्षी ते ३० पाउंडांच्या आसपास होतं. पहाटे लवकर पोचलं तर ते मिळण्याची चांगली आशा असते. त्या तिकिटावर बाहेरच्या छोट्या कोर्टांवर मोकळं फिरता येतं, आणि तिथं पहिल्या रांगेतला माणूस खेळाडूपासून चार-पाच हातांवर असतो. सोमवारी आणि मंगळवारी एकेरीच्या पहिल्या फेरीचे सामने भरभरून असतात आणि गवतही नवंकोरं. आम्हाला हेच हवंय. दुपारी तीननंतर मोठ्या कोर्टांवरून निघून गेलेल्यांची तिकिटं आतमध्ये थोड्या पैशांत पुन्हा विकतात, ते पैसे धर्मादाय कामाला जातात. नशीब असेल तर आप्पा त्यावर सेंटर कोर्टही बघतील.

एका गोष्टीचं त्यांना वाईट वाटलंय. २०२५ पासून विम्बल्डनच्या कोर्टांवर लाइनमन नाहीत, चेंडू आत की बाहेर ते यंत्र सांगतं. क्लबच्या स्पर्धांत आप्पा लाइनवर उभे राहायचे. हात गुडघ्यांवर, मान खाली, नजर चुन्यावर. "माणूस चुकतंय, खरं हाय. पण माणूस बघतंय गे," एवढंच बोलले आणि गप्प झाले. मलाही ते पटतं. रेघ ज्यानं स्वतः आखलीय त्याच्या डोळ्यावर माझा यंत्रापेक्षा जास्त विश्वास आहे.

कागदपत्रांत माझे चार महिने गेले. आमच्या भागातल्या लोकांना हे उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते. आप्पांचा शाळा सोडल्याचा दाखला मराठीत, शेताचा उतारा कन्नडात, पासपोर्ट आणि व्हिसाचा अर्ज इंग्रजीत. दाखल्यावर आडनाव शेवटी आणि आधारवर आधी, स्पेलिंगही वेगळं. आधी आधार दुरुस्त केलं, मग पासपोर्टसाठी हुबळीची तारीख घेतली. हा क्रम उलटा करू नका. ब्रिटनच्या व्हिसाला इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाचं पूर्ण भाषांतर जोडावं लागतं. त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख आणि भाषांतर बरोबर असल्याचं त्याचं निवेदन लागतं. कोर्टाजवळ बसणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांनी आमचा उतारा ओळन् ओळ नीट करून दिला, 'जिरायत' शब्दाशी पाच मिनिटं थांबून.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिन्यांआधी करता येत नाही, म्हणजे आमचा २६ मार्चनंतर. पैसे दोन भिश्यांचे आणि माझ्या पगारातून साठवलेले. मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत हिशेब बघते, त्यामुळं हे आधीच लक्षात आलं की ऐनवेळी मोठी रक्कम खात्यात भरली तर तिचा उगम विचारतात. भिशी लागली तशी रक्कम खात्यात टाकली आणि भिशीच्या वहीची प्रतही ठेवली. बोटांचे ठसे द्यायला बेंगळुरूला जावं लागेल, राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्री निघायचं आणि सकाळी तिथं. विमानही बेंगळुरूहूनच धरणार.

राहायचं टूटिंगमध्ये ठरवलंय. तिथं इडली-डोसा मिळतो आणि ४९३ नंबरची बस टूटिंगहून थेट स्पर्धेच्या दारावरून जाते. आप्पांना तिथल्या माळ्याला बेळगावचा कुंदा द्यायचा होता. पण बाहेरून दुधाचे पदार्थ तिकडं नेऊ देत नाहीत, म्हणून गोकाकचं करदंट, डिंक आणि सुक्यामेव्याची मिठाई, घेतोय. शेंगाचटणी आणि चपात्या आमच्यासाठी, रांगेत खायला. आतही आपला डबा नेता येतो.

आता राहिला रांगेत तीन-चार तास काढायचा सराव. गेल्या रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही दोघं घडीचे स्टूल घेऊन व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर जाऊन बसलो. थर्मासमध्ये चहा, पाठीवर शाल. फिरायला येणारे ओळखीचे लोक थांबून विचारत होते, आप्पा प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होते, ८ मिलिमीटरसकट. साडेनऊ वाजले तेव्हा ते तीनदाच उठले होते. स्टूल मिटवता मिटवता गुडघा चोळत म्हणाले, "बसायचं जमलं. पुढल्या रविवारी उभं राहून बघूया."