गाडी बुडाला कळती, रिमोटला नाही

परवा रात्री साडेअकरापर्यंत नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर लॅप, म्हणजे फेऱ्या, मारत बसलेलो. म्हणजे घरात, कोल्हापुरात राजारामपुरीत, टीव्हीसमोर, मोटोजीपी 23 हा बाइक रेसिंगचा गेम लावून. खरी मोटोजीपी, म्हणजे बाइकची सगळ्यात मोठी रेस, आपल्याकडं 2023 च्या सप्टेंबरात आलेली, बेझेकी जिंकला, आणि आम्ही जायचं जायचं म्हणत तिकिटाचे पैसे बघून गप्प बसलो. तर तिथं मागच्या लांबलचक सरळ रस्त्यावर गाडी तीनशेच्या वर जाती आणि मग चौथ्या वळणाला सगळा वेग एकदम मारायचा असतो, आणि तिथंच मी दर दोन लॅपला आडवा. दरवेळी तेच, ब्रेक दाबला, गाडी कलवली, पुढचं चाक गेलं.

आता मी काय नवखा नाही भावा. पंधरा वर्षं गाडी चालवतोय, पन्हाळ्याच्या रस्त्याला वाघबीळची वळणं पाठ आहेत, गगनबावडा पावसात केलाय. मग हे असं का होतंय म्हणून जरा डोकं लावलं.

टायरची पकड एकच असती. ती ब्रेकला वापरा नाहीतर वळायला, दोन्हीकडं पुरी मागितली की टायर सोडून देतो. हे खऱ्या गाडीवर पण तसंच आहे, म्हणजे गेम खोटं काही दाखवत नाही. फरक एवढाच की खऱ्या गाडीवर पकड सुटायच्या आधी कळतं. हँडल हलकं लागतं, सीट सरकल्यासारखी वाटती, पोटात गोळा येतो, बोटं आपोआप ब्रेकवरनं ढिली होतात. गेममध्ये हे सगळं डोळ्यांनी बघायचं आणि अंगठ्यानं निस्तरायचं, आणि डोळ्यांना दिसतंय तोवर गाडी वाळूत गेलेली असती.

हँडलचं तर अजून गमतीचं. गाडी वेगात असताना उजवीकडं वळायचं तर आपण उजवी मूठ हलकी पुढं ढकलतो, मग गाडी उजवीकडं कलती. सगळे करतात, कुणालाच माहीत नसतं, विचारलं तर शपथेवर नाही म्हणतील. गेममध्ये रिमोटची स्टिक उजवीकडं केली की गाडी उजवीकडं झुकती, मधलं हँडलचं काम गेम स्वतःच करून घेतो. म्हणजे आपल्या हातातली स्टिक हँडल पण नाही आणि अंग पण नाही, ती नुसती "मला तिकडं झुकायचंय" अशी अर्जी आहे. पीसीवर जीपी बाइक्स म्हणून एक सिम, म्हणजे अगदी खऱ्यासारखा गेम, आहे त्यात रायडरचं अंग वेगळं हलवता येतं, मी दोन दिवस खेळलो, पिटमधनं धड बाहेर पडता येईना.

म्हणून ते ऑनलाइन जे म्हणतात ना, सगळे असिस्ट, म्हणजे गेमची आपोआपची मदत, बंद करून खेळलं तरच रिअल, ते मला पटत नाही. ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे मागचं चाक जागेवर फिरून घसरू न देणारी सोय, तर खऱ्या मोटोजीपीच्या गाड्यांवर पण असतंय, 2016 पासनं सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर आहे. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय, मात्र तिथं चालत नाही, बंदी आहे. पण त्या रायडरकडं बूड आहे, माझ्याकडं सोफा आहे. मग थोडं एबीएस लावलं तर ते चीटिंग कसं, ते बुडाचं काम करालंय की.

रविवारी उद्यमनगरातले आमचे मिस्त्री मामा आले होते, माझी आरएक्स शंभर त्यांच्याच हातातली. त्यांना रिमोट दिला. पहिलं वाक्य, "क्लच कुठाय?" म्हटलं मामा, आपोआप आहे. तोंड वाकडं केलं. पहिल्या वळणाला धडकले, दुसऱ्याला पण. मग काय केलं तर चष्मा काढून खिशात ठेवला आणि डोळे बारीक करून नुसतं ऐकत बसले. मला म्हणाले तू चालव. मी चालवतोय आणि हे मागनं, "अजून नाही... अजून नाही... आता टाक." बरोबर त्याच टायमाला गिअर. तीन लॅपमध्ये माझा टाइम सेकंदभर खाली आला. म्हणजे ज्या आवाजाकडं मी इतके दिवस नुसतं बॅकग्राउंड म्हणून बघत होतो, त्यात सगळी माहिती होती, इंजिन किती फिरतंय, मागचं चाक कधी सुटालंय, सगळं. मी आपला कोपऱ्यातला आकडा बघत बसायचो.

आणि एक गोष्ट मात्र कुठल्याच गेममध्ये सापडली नाही. गेल्या हंगामात कारखान्याच्या रस्त्याला ट्रॉलीतनं पडलेलं पाचट होतं, वळणावरच, त्यावर पुढचा ब्रेक लागला आणि गुडघा सोलून घेतला, चूक माझीच. गेममध्ये आडवं झालं की बटण दाबून काही सेकंद मागं जाता येतं. मी रस्त्यावर पडल्या पडल्या, खरं सांगतो, डावा अंगठा दाबला होता.

मामांना हे सांगितलं तर हसले नाहीत. म्हणाले, पुढचे पॅड बघून घे, आवाज करालेत, उद्या गाडी घेऊन ये.