तुम्ही विचारलंत म्हणून: दुसऱ्याचं पाप माझ्या नावे कसं?

पाप आदामाचं, म्हणजे बायबलमधल्या पहिल्या माणसाचं, मग दोष माझ्या माथी का? आणि नीतिमत्त्व, म्हणजे देवापुढे निर्दोष असणं, ख्रिस्ताचं, तर ते माझ्या खाती कसं जमा होतं? मी ख्रिस्ती आहे हे कळलं की हा प्रश्न येतोच, बहुतेकदा रागाने. तो राग मला पटतो.

आधी आपली भाषाच बघा. दोष आपण माथी मारतो, खापर डोक्यावर फोडतो, ठपका ठेवतो. श्रेय नुसतं देतो. 'आरोप' म्हणजे मुळात वर चढवणं. संस्कृतात गुणाचाही आरोप होतो. रोजच्या मराठीत उरला तो गुन्ह्याचा. म्हणून ख्रिस्ताच्या या नीतिमत्त्वाला 'आरोपित नीतिमत्त्व' म्हटलेलं वाचलं की कानाला खटकतं.

पौल हा ख्रिस्ताचा प्रेषित; त्याची पत्रं बायबलमध्ये आहेत. त्याचा शब्द मात्र हिशेबाच्या वहीतला आहे. ग्रीक 'लोगिझोमाय' म्हणजे गणणं, हिशेबात धरणं. त्याच्या रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात तो 11 वेळा येतो: यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याने देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याच्यासाठी नीतिमत्त्व गणलं गेलं. माणूस आतून किती बदलला, याबद्दल हा शब्द गप्प आहे. वाद पेटला तो इथेच. प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रणेता ल्यूथर म्हणाला, हे नीतिमत्त्व परकं आहे, आपल्या बाहेरून येतं. 1547 साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने बजावलं की नुसतं गणणं पुरेसं नाही, माणूस खरोखर नवा होतो. कॅथलिक आणि ल्यूथरन अशा दोन्ही बाजूंनी या विषयावरच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या त्या 1999 साली.

आदामाची बाजू मला जड जाते. रोमकरांस 5:12 मधल्या ग्रीक शब्दांचा अर्थ आज बहुतेक अभ्यासक 'कारण सर्वांनी पाप केलं' असा लावतात. लॅटिन भाषांतरात 'ज्याच्यामध्ये सर्वांनी पाप केलं' असं वाचता येतं, आणि चर्चचा प्राचीन धर्मगुरू ऑगस्टीन याने तसंच वाचलं: म्हणजे सगळ्यांनी आदामामध्येच पाप केलं. इतक्याशा शब्दांवर केवढा भार पडला! इकडे जुन्या करारातल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अठरावा अध्याय स्वच्छ सांगतो की बापाच्या पापाचा भार मुलाने वाहायचा नाही. मी यहेज्केलला धरून राहते. आदामाकडून मला मरण आलं, वाकडी ओढ आली, हे मानते; त्याचा गुन्हा माझा आहे, हे नाही.

मग आमचा दोष ख्रिस्ताने स्वतःवर घेतला असं आम्ही म्हणतो, ते कसं चालतं? असं विचारणाऱ्याला मी पौलाने फिलेमोनाला लिहिलेलं पत्र वाचायला देते. जेमतेम 25 वचनं. अनेसिम हा फिलेमोनाचा दास, मालकापासून दुरावलेला. पौल त्याला परत पाठवतोय. त्याने काही नुकसान केलं असेल, काही देणं असेल, तर ते माझ्या नावे मांड, असं पौल लिहितो. खापर फोडायला दुसऱ्याचा हात लागतो. इथे ज्याच्या नावे रक्कम पडायची आहे, तोच ती मागून घेतोय. ख्रिस्ताबद्दल मला एवढंच सांगायचं असतं. आणि पौल तिथे लेखनिकावर विसंबत नाही. 'मी फेडीन' हे तो स्वतःच्या हाताने लिहितो.