मेलाँची एकच रेघ: काम डोळ्यांपर्यंत आलंय

क्लोद मेलाँ या फ्रेंच खोदकाराने गोल गोल फिरणाऱ्या एकाच रेघेतून चेहरा काढला होता; तसाच लहान चेहरा मी तांब्याच्या पत्र्यावर कोरतोय. आधी सरावाला सगळीकडे सारख्या जाडीची नुसती गुंडाळी कोरली. ती पत्र्यावर नीट बसली, तेव्हा आता खऱ्या कामाला हात घातलाय: तशाच रेघेतून चेहरा काढायचा.

मेलाँचं मूळ चित्र १६४९ सालचं, तांब्यावरचं खोदकाम, उंची सुमारे ४३ सेंमी. संत वेरोनिकाने ख्रिस्ताचा चेहरा पुसला तेव्हा तिच्या रुमालावर तो उमटला अशी कथा आहे, तोच हा चेहरा. नाकाच्या शेंड्यावर रेघ सुरू होते आणि फिरत फिरत डोळे, दाढी, काटेरी मुकुट, रक्ताचे थेंब सगळं उभं करते. जर्मन चित्रकार ड्यूररनेही १५१३ मध्ये हाच रुमाल दोन देवदूतांच्या हाती देऊन कोरला होता, पण त्याला छायेसाठी रेघेवर रेघ आडवी टाकायची मुभा होती. इथे ती नाही. वेढ्यांमधलं अंतर बदलत नाही, जाडी तेवढी बदलते.

‘हात न उचलता काढलंय’ हे नेहमीचं कौतुक मला काही पटत नाही. कोरणीला मध्ये धार लावावीच लागते, आणि थांबून त्याच खाचेत पुन्हा शिरता येतं. करामत आहे ती रेघ फुगवताना आणि परत बारीक करताना सांधा न दिसू देण्यात.

माझा पत्रा लहान आहे. गोलाचा व्यास ६ सेंमी, दोन वेढ्यांत १ मिमी. क्षेत्रफळाला अंतराने भागलं की रेघेची लांबी मिळते: जवळपास २.८ मीटर! कोरणी चौकोनी छेदाची घेतलीय. शंकरपाळीच्या आकाराची खोल जाते, पण वळणावर अडते. चौकोनी कोरणीची खाच साधारण खोलीच्या दुप्पट रुंद होते, म्हणजे भुवईजवळ अर्ध्या मिमीची रेघ हवी तर पाव मिमी खोल जायचं. हात स्थिर ठेवून वाळूच्या उशीवर पत्राच फिरवायचा. नाकाजवळच्या घट्ट वेढ्यांत कोरणीची टाच (टोकामागचा खालचा भाग) खाचेची बाहेरची कड खरवडते, म्हणून तिथल्यासाठी टाच घासून आखूड केलेली वेगळी कोरणी ठेवलीय.

डोळ्यांचा चाचणी छापा आला. पापणीची सावली हातभर अंतरावरून पापणीच वाटते, जवळून नुसते वेढे. रुंद खाचा उथळ राहिल्या तर पुसताना जाळीचं कापड त्यातली शाई ओढून नेतं, त्यामुळे आता गडद भागात दुसऱ्यांदा कोरणी फिरवतोय आणि कडेला उठलेलं तांबं प्रत्येक वेढ्यानंतर खरवडून काढतोय. मग दाढी.

चेहरा अगदी समोरून आहे, छाप उलटी आली तरी बिघडत नाही. अक्षरं मात्र उलटी कोरावी लागतात. मेलाँने खाली लॅटिनमध्ये लिहिलंय की हा एकमेव (म्हणजे ख्रिस्त) एकीनेच (म्हणजे एका रेघेने) घडला, दुसरा असा नाही. ती ओळ मी घेणार नाही. बढाई त्याची आहे, त्यालाच शोभते.