अनुकूलनाचा पैसा कर्जाऊ देणे अन्यायाचे आहे

मार्च २०१९ मध्ये ‘इडाई’ चक्रीवादळ मोझांबिकच्या किनाऱ्यावर धडकले आणि बेइरा या बंदराच्या शहराची अक्षरशः दैना झाली. त्या एका देशात सहाशेहून अधिक माणसे दगावली आणि कापणीला आलेली पिके पाण्याखाली गेली. पुढच्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने मोझांबिकला सुमारे ११.८ कोटी डॉलर मंजूर केले, पण ते कर्ज होते. त्यावर व्याज नव्हते हे खरे. मुद्दल मात्र फेडायचेच होते, आणि तेही अशा देशाने, जो आधीच कर्जसंकटात सापडलेला होता आणि ज्याचा जगाच्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनातला वाटा नगण्य आहे. श्रीमंत देश गरीब देशांना हवामान बदलाशी जुळवून घेण्यासाठी, म्हणजेच अनुकूलनासाठी, किती पैसा देतात, यावर पुष्कळ चर्चा होते. तो कोणत्या स्वरूपात देतात, हा प्रश्न मला त्याहून महत्त्वाचा वाटतो.

ही मदत म्हणजे दानधर्म नव्हे, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. १९९२ साली रिओ दि जानेरो येथील परिषदेत संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक ज्या आराखडा करारावर देशांनी स्वाक्षऱ्या केल्या, त्याच्या चौथ्या कलमातच विकसित देशांवर हे बंधन घातलेले आहे: हवामान बदलाचा विशेष धोका असलेल्या विकसनशील देशांना अनुकूलनाचा खर्च पेलण्यासाठी त्यांनी साहाय्य करावयाचे आहे. औद्योगिक क्रांतीपासून वातावरणात साचलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चतुर्थांश एकट्या अमेरिकेने सोडलेला आहे, तर संपूर्ण आफ्रिका खंडाचा वाटा जेमतेम तीन-चार टक्के भरतो. ज्याने नुकसान केले त्यानेच नुकसान सोसणाऱ्याला सावरण्यासाठी उसने पैसे द्यावेत आणि ते परत मागावेत, हा व्यवहार कोणत्याही न्यायाच्या कसोटीवर उतरत नाही.

न्यायाचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला, तरी अर्थशास्त्राचा मुद्दा उरतोच. सौरऊर्जा प्रकल्पासाठी कर्ज घेतले तर वीज विकून ते फेडता येते. म्हणूनच उत्सर्जन कमी करण्याच्या कामात खासगी गुंतवणूकदार उत्साहाने उतरतात. समुद्राचे पाणी आत येऊ नये म्हणून घातलेला बांध, वादळाची पूर्वसूचना देणारी यंत्रणा, खारवलेल्या जमिनीत तग धरणारे भाताचे वाण यांतून कोणाच्याही तिजोरीत पैसा जमा होत नाही. लाभ होतो तो न झालेल्या हानीच्या रूपाने. बांगलादेशाचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. १९७० च्या भोला चक्रीवादळात तेथे किमान तीन लाख माणसे मृत्युमुखी पडली. १९७२ मध्ये चक्रीवादळ-सज्जता कार्यक्रम सुरू झाला. पुढे गावोगावी स्वयंसेवक तयार झाले, उंच निवारा केंद्रे बांधली गेली, धोक्याचा इशारा शेवटच्या घरापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था बसत गेली. २०२० मध्ये ‘अम्फान’ आले तेव्हा, करोनाची साथ ऐन भरात असतानाही, वीस लाखांहून अधिक लोकांना आधीच सुरक्षित स्थळी हलवता आले आणि बांगलादेशातील मृतांची संख्या काही डझनांपुरती मर्यादित राहिली. वाचलेले हे प्राण कोणत्याही बँकेच्या ताळेबंदात उत्पन्न म्हणून दिसणार नाहीत. अशा कामासाठी कर्ज दिले, तर त्याचे हप्ते शाळा आणि दवाखान्यांच्या खर्चातूनच कापले जातात.

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करू, असे वचन श्रीमंत देशांनी २००९ मध्ये कोपनहेगन येथे दिले होते. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या आकडेवारीनुसार ते प्रथम २०२२ मध्ये, म्हणजे दोन वर्षे उशिराने, पूर्ण झाले आणि त्या वर्षीची रक्कम ११५.९ अब्ज डॉलर होती. आकडा भरघोस दिसतो. परंतु त्यातील सार्वजनिक पैशापैकी सुमारे ६९ टक्के रक्कम कर्जाच्या स्वरूपात होती, आणि ही कर्जे हिशेबात त्यांच्या पूर्ण दर्शनी रकमेने धरलेली होती, जणू त्यातला एकही डॉलर परत यायचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने अनुकूलनासाठी विकसनशील देशांकडे गेलेला त्याच वर्षीचा आंतरराष्ट्रीय सार्वजनिक निधी सुमारे २८ अब्ज डॉलर इतका मोजला. त्याच संस्थेच्या अंदाजानुसार या दशकातील गरज मात्र वर्षाला २१५ ते ३८७ अब्ज डॉलरची आहे. हवामान निधी म्हणून काय काय दाखवले जाते, हेही पाहण्यासारखे आहे. रॉयटर्सच्या २०२३ मधील शोधवृत्तात इटलीच्या मदतीने आशियात उघडलेली चॉकलेट आणि आइस्क्रीमची दुकाने, हैतीमधील एका हॉटेलच्या विस्तारासाठी अमेरिकेने दिलेले कर्ज आणि जपानच्या पैशातून बांगलादेशात उभा राहिलेला कोळशावरचा वीजप्रकल्प या हिशेबात आढळले होते. हे वाचून मला मनापासून संताप आला, आणि तो अजून ओसरलेला नाही.

कर्जाच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो, आणि तो प्रामाणिक आहे. अनुदानाचा पैसा मर्यादित असतो. तेवढ्याच रकमेच्या आधारावर विकास बँका कितीतरी पट सवलतीची कर्जे देऊ शकतात, त्यामुळे अधिक देशांपर्यंत पोहोचता येते. मध्यम उत्पन्नाच्या देशांतील, परताव्याची काही शक्यता असलेल्या कामांसाठी मला हे मान्य आहे. पण कॅरिबियनमधील डोमिनिकासारख्या बेटाचे काय करायचे? २०१७ मध्ये ‘मारिया’ चक्रीवादळाने त्या देशाच्या वार्षिक सकल उत्पन्नाच्या सुमारे २२६ टक्के इतके नुकसान काही तासांत केले. अशा देशाला कर्ज देणे म्हणजे पुढच्या वादळाआधीच त्याचे हात बांधून ठेवणे होय. आपत्ती येताच परतफेड आपोआप थांबवणारे कलम कर्जरोख्यांत असावे, यासाठी बार्बाडोसच्या पंतप्रधान मिया मोटली यांनी सातत्याने आग्रह धरला आहे, आणि २०२४ मध्ये ‘बेरिल’ चक्रीवादळानंतर ग्रेनेडाने अशा कलमाचा प्रत्यक्ष उपयोगही केला. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. तरीही थांबलेला हप्ता म्हणजे माफ झालेला हप्ता नव्हे.

बाकू येथील हवामान परिषदेत २०२४ मध्ये ठरलेले हवामान निधीचे नवे उद्दिष्ट २०३५ पर्यंत वर्षाला किमान ३०० अब्ज डॉलरचे आहे; त्यात अनुदान किती आणि कर्ज किती, याचे बंधन घातलेले नाही. दरम्यान अमेरिकेने पॅरिस करारातून पुन्हा माघार घेतली आणि ब्रिटनने परदेशी मदतीचा वाटा २०२७ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.३ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले. अशा काळात रक्कम फुगवून दाखवण्याचा मोह वाढणार, म्हणूनच मोजण्याची पद्धत आत्ताच बदलली पाहिजे. त्यासाठी नवीन काही शोधून काढण्याचीही गरज नाही. विकास मदतीच्या अधिकृत आकडेवारीत श्रीमंत देश २०१८ च्या आकड्यांपासून कर्जातील केवळ अनुदानाएवढा भागच, म्हणजे कर्जात दिलेल्या सवलतीचे मूल्य तेवढेच, मदत म्हणून धरतात. तोच नियम त्यांनी हवामान निधीला लावावा आणि अनुकूलनाची रक्कम वेगळ्या रकान्यात दाखवावी, म्हणजे कोणत्या देशाने खरोखर किती दिले, हे दरवर्षी सर्वांसमोर येईल.