कोच व्हायला नॅशनल खेळलेलं लागतं का? माझा अनुभव

ग्राउंडवर येणाऱ्या मुली हमखास विचारतात, ताई तुम्ही नॅशनल खेळलात का? नाही खेळले. युनिव्हर्सिटीच्या टीममध्येही माझं कधी सिलेक्शन झालं नाही, झोन आणि इंटरझोन (युनिव्हर्सिटीच्या आतल्या स्पर्धा) एवढंच खेळले, आणि आज नाशिकच्या एका कॉलेजात मुलींच्या व्हॉलीबॉल टीमची असिस्टंट कोच आहे. इथपर्यंत यायचा रस्ता कसा असतो ते आम्हाला कुणी नीट सांगितलंच नव्हतं, म्हणून लिहितेय.

मी निफाड तालुक्यातली. शाळेत पीटीच्या सरांनी मुरमाच्या ग्राउंडवर नेट बांधलं होतं, उंच मुली स्मॅश मारायच्या आणि माझी उंची कमी म्हणून सरांनी मला लिफ्टर (स्मॅशसाठी बॉल उचलून देणारी) केलं. अकरावीला नाशिकला आले, पुढे सीनियर कॉलेजच्या टीममध्ये आले तर तिथे एक लिफ्टर आधीच होती आणि ती खरंच भारी होती, त्यामुळे मॅचेस मी बहुतेक बेंचवरूनच बघितल्या. आमच्या डायरेक्टर सरांनी (क्रीडा संचालक, पण सगळे डायरेक्टर सरच म्हणतात) माझ्या हातात एक वही दिली आणि सांगितलं, समोरून आलेली प्रत्येक सर्व्हिस कुणी उचलली आणि पास कसा गेला ते लिही. लिफ्टरला जागेवर मिळाला तर तीन, थोडं हलावं लागलं तर दोन, कसाबसा पलीकडे टाकला तर एक, पॉइंट गेला तर शून्य.

माझं खरं करिअर त्या वहीपासून सुरू झालं असं मी मानते. आम्ही पाच-एक खेळायचो, म्हणजे सहाही रोटेशनला (खेळाडू जागा बदलत फिरतात तेव्हाच्या सहा मांडण्या) एकच लिफ्टर. ती मागच्या लाइनमध्ये असते तेव्हा पुढे तीन स्मॅशर मिळतात, ती पुढे आली की दोनच उरतात, आणि ती पाच नंबरला असताना तर तिला डावीकडून मागून निघून सगळं कोर्ट ओलांडत नेटजवळ उजव्या बाजूला यायला लागतं. वहीत दिसलं की आमचे एक आणि शून्य सगळ्यात जास्त त्याच रोटेशनला पडतायत. सरांनी रिसीव्हला कोण कुठे उभं राहणार ते बदललं, प्रॅक्टिसमध्ये रोज तेवढंच एक रोटेशन वेगळं घेतलं, आणि पुढच्या मॅचेसमध्ये तिथे सलग पॉइंट जाणं कमी झालं. बाहेर बसून जे दिसतं ते आत खेळणाऱ्याला दिसत नाही हे मला तेव्हा कळलं, आणि मग मला खेळण्यापेक्षा ते बघण्यातच जास्त रस वाटायला लागला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात नाशिक, अहिल्यानगर, पुणे शहर आणि पुणे जिल्हा असे झोन आहेत. आधी कॉलेज झोनमध्ये खेळतं, त्यातून झोनची टीम निवडतात, मग इंटरझोन आणि त्यातून युनिव्हर्सिटीची टीम, जी पुढे अश्वमेध (राज्यातल्या विद्यापीठांची स्पर्धा) आणि वेस्ट झोनला (पश्चिम विभागातल्या विद्यापीठांची स्पर्धा) जाते. यातलं प्रत्येक सर्टिफिकेट जपून ठेवा. मुलींना वाटतं ते फक्त वाढीव गुणांसाठी किंवा सरकारी नोकरीतल्या पाच टक्के आरक्षणासाठी लागतं, पण कोचिंगच्या कोर्सला फॉर्म भरतानाही पहिलं तेच मागतात.

ग्रॅज्युएशननंतर बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी) केलं, दोन वर्षांचं. घरून थोडा विरोध होता, तो पप्पांनीच मिटवला. मग पटियालाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्था) सहा आठवड्यांचा कोचिंगचा सर्टिफिकेट कोर्स. मनमाडहून सचखंड एक्सप्रेसने अंबाल्याला उतरायचं आणि तिथून पुढे पटियाला. संस्था १९६१ पासूनची आहे, महाराजांच्या जुन्या मोतीबाग पॅलेसमध्ये, आणि आत गेल्यावर खेळाकडे एवढं गांभीर्याने बघणारी माणसं एका जागी मी पहिल्यांदाच बघितली. सकाळ-संध्याकाळ ग्राउंड आणि मधल्या वेळात ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, सायकॉलॉजी, ट्रेनिंगचं शास्त्र. लेसन प्लॅन लिहून तो आपल्याच बॅचमधल्या लोकांवर घ्यायचा, आणि त्यात स्टेट-नॅशनल खेळलेले असायचे, त्यांना अंडरआर्म शिकवायचं म्हणजे छातीत धडधड व्हायची. पण खेळाचं नाव मोठं असणं आणि शिकवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिथे रोज दिसत होतं. उडी मारून उतरताना गुडघे आत वळतायत का, खांदा दुखतोय तर स्मॅशची संख्या किती कमी करायची, हे सगळं मी तिथे शिकले.

परत आल्यावर लगेच काही काम मिळालं नाही. सकाळी एका शाळेत लहान मुलांना शिकवायचे आणि संध्याकाळी जुन्या कॉलेजच्या ग्राउंडवर जाऊन सरांना मदत करायचे, बॉल टाकायचे, वही लिहायचे, पैसे नव्हतेच. मग मुलींच्या टीमसोबत बाहेरगावी जायला मॅडम हव्यात असा विषय निघाला, सरांनी माझं नाव सुचवलं, प्राचार्यांनी सर्टिफिकेट्स बघितली आणि सीझनपुरतं मानधन सुरू झालं. सीझनपुरतंच, हे मला अजिबात पटत नाही. पावसाळ्यात ग्राउंडवर चिखल, त्यातच झोनच्या तारखा लागतात, आणि टीम खरी घडते ती नंतरच्या महिन्यांत, जेव्हा फिटनेस आणि बेसिक्सवर काम करायला वेळ असतो. नेमका तेव्हा असिस्टंटला पगार नाही. म्हणून शाळेचं काम मी अजून सोडलेलं नाही.

आता माझं काम म्हणजे वॉर्मअप, लिफ्टर आणि लिबेरोची (फक्त मागच्या लाइनमध्ये खेळून बॉल उचलणारी) वेगळी प्रॅक्टिस, एलिजिबिलिटी फॉर्म, मुलींच्या घरी फोन करून परवानगी काढणं (यात सगळ्यात जास्त वेळ जातो आणि हे काम सगळ्यात महत्त्वाचं आहे), मॅचला वही. नेट २.२४ मीटरवर आहे का हेही मीच मोजते, कारण सैल नेटवर प्रॅक्टिस केली की ब्लॉकचं टायमिंग पूर्ण चुकतं. बेंचवरच्या दोन मुलींना मी आता तीच तीन-दोन-एक-शून्यची पद्धत शिकवलीय आणि मॅच झाल्यावर त्यांच्याकडून पहिलं मत विचारते.

कायम क्रीडा संचालक व्हायचं तर एमपीएड (बीपीएडच्या पुढची पदवी) आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते, ती तयारी चालू आहे. तुमच्यापैकी कुणाला सहा आठवड्यांच्या कोर्सला जायचं असेल तर झोन-इंटरझोनची सर्टिफिकेट्स, मेडिकल फिटनेस आणि जन्मतारखेचा दाखला आधीच एका फाइलमध्ये लावून ठेवा, आणि निघायच्या आधी महिनाभर रोज पळा, कारण तिथे पहिल्या दिवसापासून ग्राउंडवर उतरवतात.