सोनेगावचं मध्यरात्रीचं टपाल

सीताबर्डीहून मेट्रोत बसलो. म्हणजे मी बसलो, काका उभेच होते. वय ऐंशी, पण दाराच्या काचेला नाक लावून. उज्ज्वल नगर गेलं आणि म्हणाले, "आलं बावा सोनेगाव. आता पाहत राह्य."

पाहायला तसं काहीच उरलेलं नाही, आणि त्यासाठीच तर आम्ही आलो होतो. नागपूरचं हे सोनेगाव विमानतळ पहिल्या महायुद्धाच्या काळातलं, १९१७-१८ चं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाची विमानं इथे थांबा घेत, त्यासाठी जुन्या इमारती दुरुस्त झाल्या. युद्ध संपलं, आणि जानेवारी १९४९ मध्ये याच जागेला अख्ख्या देशाची पत्रं पोचवण्याचं काम मिळालं. माझ्या मते नागपूरच्या इतिहासातलं हे सगळ्यात देखणं पान आहे.

दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून रोज रात्री टपालाचं एकेक विमान निघायचं. मध्यरात्रीच्या सुमारास चारही सोनेगावला उतरायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेच्या आत आपापल्या शहराकडे परत. मुंबई इथून हवाईमार्गे सातशे किलोमीटरच्या आत, बाकीची तिन्ही शहरं हजाराच्या आत. म्हणून नागपूर. १ एप्रिल १९४९ पासून तर साध्या पत्रालाही जादा पैसे न घेता विमानाची वाट मोकळी झाली.

विमानं होती डकोटा, युद्धात सैनिक आणि दारूगोळा वाहिलेल्या जातीची. त्याचं मागचं चाक शेपटीखाली, त्यामुळे उभं असलं की नाक वर आणि आतली जमीन उताराची. दार डावीकडे, मागच्या बाजूला. काकांनी तळहात तिरपा धरून दाखवलं, "थैली आत न्यायची म्हणजे चढच चढायचा. माणसं घामाघूम व्हायची." त्यांचे वडील टपालखात्यात होते, एकदा ते काकांना सोबत घेऊन आले होते. कंदिलासारखे पिवळे दिवे, पेट्रोलचा वास आणि लाखेच्या मोहरा लावलेल्या थैल्यांचा ढीग, एवढंच त्यांना आठवतं. ती शेड कुठे होती ते त्यांनी बोटाने दाखवलं. तिथे आता कुंपण आहे, पलीकडे गवत.

ही सेवा सत्तरच्या दशकात थांबली. आता पलीकडे मिहान या औद्योगिक प्रकल्पात मोठाली जेट विमानं दुरुस्तीला येतात.

अंधार पडता पडता सोनेगाव तलावाच्या काठावर बसलो. काकांनी सांगितलं, लहानपणी अंथरुणात पडून भावंडं पैज लावायची. वर्धेकडून घरघर आली की मुंबईचं, कोराडीकडून आली की दिल्लीचं, भंडाऱ्याकडून कलकत्त्याचं, बुटीबोरीकडून मद्रासचं. चौथं उतरलं की आई म्हणायची, "आली सगळी, आता निजा."

तेवढ्यात एक विमान डोक्यावरून खाली आलं. काका डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, "वर्धेकडून."

मी मोबाइलवर पाहिलं. मुंबईचंच होतं.