मोहीम अपडेट: वॉरलॉक एकदाचा पायावर उभा राहिला

मंडळी, आमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (फासे टाकून खेळायच्या गोष्टीच्या खेळाच्या) मोहिमेतला रेस्टचा, म्हणजे पात्रांच्या विश्रांतीचा, तिढा सुटला! मागच्या अपडेटला अर्ध्या लोकांनी सांगितलं होतं की वॉरलॉकला एक स्लॉट (स्पेल टाकायची एक संधी, स्लॉटलाही लेव्हल असते) वाढवून दे आणि मोकळा हो, मी ते केलं नाही आणि बरं झालं नाही केलं, कारण गडबड क्लासमध्ये (पात्राच्या प्रकारात) नव्हतीच, आमच्या रविवारात होती.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. पाचवी लेव्हल, 2014 चे नियम, टेबलवर फायटर, पॅलादिन (थोडी जादू येणारा योद्धा), विझार्ड आणि वॉरलॉक (दोघे जादूगार), खेळ चालवणारा मी. एक जण देवळालीहून येतो, एक नाशिकरोडहून, द्वारकाच्या ट्रॅफिकमध्ये अडकला की गंगापूर रोडला पोचेपर्यंत संध्याकाळ, मग हातात उरतात जेमतेम तीन तास आणि तेवढ्यात एकच मोठी फाइट बसते. फाइट संपली की सगळे म्हणणार चला लाँग रेस्ट (रात्रभराची झोप, सगळ्यांचे स्लॉट परत), पुढच्या रविवारी टाकी फुल. आता हिशोब बघा. विझार्डकडे नऊ स्लॉट, वॉरलॉककडे दोन. नियम लिहिणाऱ्यांनी दिवसाला सहा ते आठ फाइट आणि मध्ये दोन शॉर्ट रेस्ट (तासाभराची विश्रांती, यात वॉरलॉकचे स्लॉट परत भरतात) धरलेत, तसं खेळलं तर वॉरलॉकला दिवसभरात तिसऱ्या लेव्हलचे सहा स्लॉट मिळतात आणि विझार्डला त्या लेव्हलचे दोनच, आर्केन रिकव्हरी (शॉर्ट रेस्टला थोडे स्लॉट परत मिळवायची विझार्डची सोय) धरून तीन. पण एकाच फाइटचा दिवस असेल तर दोन विरुद्ध नऊ! आणि पॅलादिनचे दोन्ही वार लागले, दोन्हीवर दुसऱ्या लेव्हलचा स्माइट (स्लॉट खर्चून वाढवलेला वार) टाकला की नुसते वरचेच 6 डी 8 (आठ बाजूंचे सहा फासे), म्हणजे सरासरी 27 डॅमेज. बॉस दुसऱ्या राउंडला आडवा. आमची वॉरलॉकवाली ताई बिचारी एल्ड्रिच ब्लास्ट (स्लॉट न लागणारा स्पेल) मारत बसायची, समोरच्याचा एसी (वार लागायला गाठायचा आकडा) 15 धरला तर टर्नला 13 च्या आसपास, ते वाईट नाही पण बाजूला 28 चा फायरबॉल चार-चार जणांवर पडत असेल तर त्याला कोण विचारतो.

आधी ग्रिटी रिअॅलिझम हा पर्यायी नियम लावून बघितलं, शॉर्ट रेस्ट आठ तास, लाँग रेस्ट सात दिवस. कागदावर भारी वाटतं, पण मेज आर्मर (विझार्डचा चिलखताचा स्पेल) आठ तासांचाच राहतो ना, मग विझार्ड पहिल्या शॉर्ट रेस्टनंतर उघडा. वॉरलॉकच्या हेक्सचंही (शापाच्या स्पेलचंही) तेच. एक दुखणं काढायला गेलं की दुसरं उभं, असला नियम मला नको.

मग केलं काय, तर घड्याळाला हातच लावला नाही. सेशन संपलं म्हणजे गेममधला दिवस संपला, हे समीकरण तोडलं. एक दिवस आता दोन-तीन रविवार चालतो आणि स्लॉट तसेच पुढे जातात. अडचण एकच, पुढच्या रविवारी कोणाला आठवतंय काय वापरलं होतं! पेन्सिलच्या खुणा पुसतात, अॅपमध्ये कोणी ना कोणी चुकून लाँग रेस्टचं बटण दाबतंच. म्हणून चिंचोके. पहिल्या लेव्हलला चिंचोका, दुसऱ्याला कवडी, तिसऱ्याला काचेची गोटी. स्पेल टाकला की मधल्या वाटीत टाकायचं, सेशन संपलं की उरलेलं ज्याच्या-त्याच्या नावाच्या पाकिटात घालून माझ्याकडे. ही वाटी म्हणजे कमाल निघाली. फायरबॉल टाकला की गोटी टण्णकन वाजते आणि सगळ्यांना दिसतं की आता एकच उरली. गेल्या रविवारी विझार्डवाला गोटी बोटात धरून नुसता विचार करत बसला, मग ठेवून दिली आणि चिंचोका टाकून मॅजिक मिसाइल मारलं. तेवढ्यात शॉर्ट रेस्ट झाला, ताईने वाटीतून आपल्या दोन्ही गोट्या परत उचलल्या आणि पॅलादिनवाला म्हणाला, "ताई, पुढच्या खोलीत तू पुढे हो, माझ्याकडे दोनच चिंचोके आहेत." हे वाक्य ऐकायला मी किती थांबलो होतो! फायटरलाही अॅक्शन सर्ज (एका टर्नला जादा अॅक्शन) परत मिळाला, तोही खूश.

फाइट मांडायच्या चौकटींच्या मॅटचं विचारत होता त्यांच्यासाठी: बाहेरून मागवू नका, फार महाग पडतो. एक इंची चौकटींची फाइल बनवून फ्लेक्सवाल्याकडून प्रिंट काढा, वरून लॅमिनेशन मारून घ्या, त्याशिवाय मार्करचे डाग जात नाहीत. मराठी कॅरेक्टर शीटचं कामही सुरू आहे, एसआरडी 5.1 (नियमांचा मोफत भाग) 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आहे, श्रेय देऊन बिनधास्त वाटता येईल.

पुढचा प्लॅन साधी गुहा होता, पण हे टाइप करतानाच डोक्यात रामशेज आला. दिंडोरीकडे जाताना दिसतो तोच, एवढासा किल्ला, मुघलांना कित्येक वर्षं झुंजवत ठेवलं. वेढा! पार्टी किल्ल्याच्या आत, लाँग रेस्ट घ्यायचा तर एक पोतं रसद खर्च, पोती मोजकी, नवीन हवी तर रात्री खाली उतरून आणायची. म्हणजे दिवस कधी संपवायचा हे मी नाही, तेच ठरवणार. लाकडी तोफाही घालतो, तिथल्या गोष्टीतल्याच आहेत. गुहा रद्द.

एकच शंका आहे. नवीन मेंबर मंक (हातापायांनी लढणारा) घेतोय, त्याची 'की' (ki, खास वारांसाठी खर्चायची ऊर्जा) शॉर्ट रेस्टला भरते म्हणजे या पद्धतीत त्याचं भलंच व्हायला हवं, पण स्टनिंग स्ट्राइक ('की' खर्चून समोरच्याला सुन्न करणारा वार) चार वेळा मारून त्याने वेढ्याचा सरदारच गोठवला तर? 2024 च्या नियमांत स्टनचा प्रयत्न टर्नला एकदाच आहे, तेवढाच नियम उचलावा असं वाटतंय. कोणी 2014 च्या टेबलवर तो लावून खेळलं असेल तर रविवारच्या आत सांगा.